ठवणीवरच्या अमेरिकन बाया

मी एक जुनी ठवणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. एकाच फळीतून कोरलेली, कात्रीसारखी उघडणारी, पोथी ठेवायची लाकडी बैठक म्हणजे मी. तंजावरला वीणा करणाऱ्या सुताराकडे फणसाचे लाकूड उरले, त्यातून माझा जन्म झाला.

मी कुंभकोणमच्या एका मराठी घरात आले. तिथले आजोबा गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जात आणि सकाळी माझ्यावर पोथी उघडत. ते गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. झुरळांनी माझ्यात संसार थाटला.

मला खाली काढले ते त्यांच्या नातीने, जयश्रीने. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ही मुलगी कॅथलिक साहित्यावर आणि अमेरिकन लेखिकांवर प्रबंध लिहीत होती. पुस्तके विटेएवढी जाड, वाचून वाचून तिची मान धरलेली. तिने मला तेलाने पुसले आणि माझ्यावर एक कादंबरी ठेवली. त्या गोष्टींतल्या बाया देवाशी कडाकडा भांडत आणि तरी त्याचे दार सोडत नसत. मला त्याचे नवल वाटले नाही. विठ्ठलाला फटकारणारे अभंग मी वर्षानुवर्षे ऐकले होते.

नवल वाटले ते तिच्या थोरल्या भावाला, शंकरनारायणला.

"अगे, आजोबांच्या ठवणीवर ह्या अमेरिकन बाया कशास?"

"ह्या वाचतानाही मान दुखते, अण्णा," ती म्हणाली.

आमच्याकडे सरस्वतीपूजेला घरातली पुस्तके रचून पुजतात आणि त्या दिवशी ती कुणी वाचायची नसतात. अण्णांनी जयश्रीची पुस्तके राशीतून उचलून बाहेर ठेवली. "चर्चची पुस्तकं पूजेस नकोत."

"बरं अण्णा. पूजेत नाहीत, म्हणजे त्यांना वाचायची बंदीही नाही."

आणि ती दिवसभर त्यांच्या डोळ्यांदेखत वाचत बसली.

बाहेर तरी सुख होते का? एका परिषदेत तिने निबंध वाचला, तर एक फादर गोड हसून विचारतात, "बाप्तिस्मा कधी घेताय?" अहो, वाचायला डोळे लागतात की जातीचा दाखला? इकडे आड, तिकडे विहीर. मला अजून आठवले की अंगाचा तिळपापड होतो.

पण ती हटली नाही. तिने या लेखिकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम कॉलेजात सुरू केला. मला पिशवीत घालून ती वर्गात नेई. पापनाशमहून बसने येणाऱ्या मुली माझ्याभोवती वाकून वाचत. तिचे लेख दूर अमेरिकेत छापून आले. तिच्या विभागात मात्र ते कुणी उघडले नाहीत.

या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी मला टेबलावर मांडले आणि माझ्या डोक्यावर फुलांचे तबक ठेवले! प्राचार्य अनंतकृष्ण बोलले, "मॅडमनी विभागाला आईची माया दिली." दुसऱ्या एकाने तिच्या हातच्या पुळिओदरैची, म्हणजे चिंचेच्या भाताची, तारीफ केली. तिसऱ्याने तिच्या रांगोळ्यांची केली. विभागप्रमुख सतीशकुमार तर म्हणाले, "मॅडमचा विषय जरा... परदेशी होता. आता त्या जागी आपण इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेऊ."

बस्स! तिचे आयुष्य एका वाक्यात झाडून टाकले. तिला शालीची हाव नव्हती. आपण काय शिकलो, काय शिकवले, हे कुणीतरी एकदा नीट बोलावे, एवढेच तिला हवे होते. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. संतापाने मी तडकेन की काय असे मला वाटले.

तेवढ्यात सगळे जेवणाच्या दालनाकडे निघाले. केळीची पाने मांडली होती, वाफाळता भात आला होता. जयश्री जागची उठली नाही. तिने माझ्यावरचे तबक खाली ठेवले आणि पिशवीतून पुस्तक काढून माझ्यावर उघडले.

"भाताची तारीफ केलीत, नंद्री, आभारी आहे. तो मी आईकडून शिकले. इथं मी जे केलं, ते आता ऐका."

आता आली का पंचाईत! ज्याचा सत्कार, तो पानावर बसल्याशिवाय कुणी जेवायला बसायचे नाही, ही इथली रीत. सगळे मुकाट्याने खुर्च्यांवर परतले.

तिने वाचले. गोष्टीतली एक म्हातारी नन इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर भांडी घासते. ती मरणाला टेकते तेव्हा बिशप तिला आशीर्वाद द्यायला येतात. ती विचारते, "आधी माझं नाव सांगा." बिशपांना ते ठाऊक नसते.

सतीशकुमारांनी मान खाली घातली. भात निवत होता. मग मागून जयश्रीची जुनी विद्यार्थिनी विशालाक्षी म्हणाली, "मॅडम, पुढं वाचा."

मॅडमनी पान उलटले.

अभ्यासक्रम वाचला नाही, मित्रांनो. तो बंदच झाला. तुम्हाला खोटे सांगून मी गोड होणार नाही. पण तुमच्या बाईंना निरोप द्याल तेव्हा शालीआधी त्यांना विचारा, "तुम्ही आयुष्यभर काय वाचलंत?" आणि त्यांचे उत्तर संपेपर्यंत भाताकडे पाहू नका.