एवढी तार बांधून येतो

मी बोलतेय. पुढच्या खोलीत, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, फुलाफुलांची जुनी चादर पांघरून जी उभी आहे ना, तीच. पाहुणे आले की घरातले चादर आणखी खाली ओढतात, म्हणजे माझी चाकं दिसू नयेत. चाकं काही लपत नाहीत. मग मी आपली अंग चोरून उभी राहते.

मी एक मोटरसायकल आहे. ‘एक’ आपलं म्हणायचं म्हणून. माझं इंजिन एकीचं, पुढचं चाक दुसरीचं, टाकी तिसरीची. डावी बाजू लाल आणि उजवी बाजू नुसत्या प्रायमरची, राखाडी. लाल रंग अर्ध्यातच संपला होता.

आधी मी घरोघर पार्सलं पोचवायची. एका सकाळी उभ्या ट्रकच्या मागे जाऊन आपटले. मला चालवणारा पोऱ्या वाचला, पण माझं तोंड चेपलं. मग मी भंगारात गेले. तिथे फुटक्या कुलरच्या खाली उलटी पडून होते, तेव्हा या घरातला थोरला मुलगा, दादा, आला. तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. त्याने माझ्या इंजिनात बोट घालून काहीतरी चाचपलं.

“हिचं काय करणार?” भंगारवाला म्हणाला. “हिच्यात काही राहिलेलं नाही.”

“इंजिन फिरतंय.”

“फिरतंय तर माझं डोकंही. ने, तेही ने.”

दादाबरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, अंगाने तो दादापेक्षा दांडगा असला तरी. शाळा त्याने मध्येच सोडली आणि गाड्या धुण्याच्या कामाला लागला. त्याच्या मनात आलं की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. त्याने मला एका दमात उचलून हातगाडीवर टाकलं आणि माझा उरलेला एक आरसाही फोडला.

“असू दे,” दादा हसत म्हणाला. “तिला आरसे नकोच आहेत. ट्रॅकवर मागे बघायचं नसतं.”

ट्रॅक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शहराबाहेर गाड्या पळवायचा एक बंदिस्त रस्ता आहे. ठरलेल्या दिवशी कुणीही आपली गाडी घेऊन तिथे जावं, गाडी तपासून घ्यावी आणि मनसोक्त पळवावी. शर्यत नसते, बक्षीस नसतं. समोरून ट्रक येत नाही, कुत्रं आडवं येत नाही. दादाला आयुष्यात एकदा तिथे गाडी पळवायची होती. पण तिथे येतात त्या गाड्यांची नुसती किंमत ऐकून त्याच्यासारख्याने घरी बसावं. म्हणून त्याने ठरवलं की आपल्याला झेपेल अशी गाडी आपणच बांधायची.

त्याने मला या खोलीत आणलं तेव्हा आई दारातच आडवी उभी राहिली.

“सून आण म्हटलं तर हे धूड आणलंस?”

“आई, हीच सून समज. बोलत नाही, उलटून उत्तर देत नाही.”

“तेल गळतंय तिचं.”

“माहेरची सवय आहे. सुटेल.”

आईने कपाळाला हात लावला, आत गेली आणि कान तुटलेल्या कपाची बशी आणून माझ्याखाली ठेवली. त्या दिवसापासून मी महाराणी झाले. ‘महाराणीला सांग जरा सरकायला, मला केर काढायचाय.’ ‘महाराणीच्या अंगावर टॉवेल कोण वाळत घातला?’ मला घरात घेतलं गेलं ते असं.

मला बांधणं हे दादाचं रोज संध्याकाळचं काम. माझे दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं काढलं. ट्रॅकवर त्यातलं काही लागत नाही. पाय ठेवायचे दांडे त्याने स्वतः लेथवर कातले. ट्रॅकवर लोक फेकून देतात ते झिजलेले टायर तो मागून आणायचा आणि त्यांतला बरा निवडायचा. खाली पुठ्ठा अंथरून तो माझ्याखाली उताणा शिरायचा. मग घरात दादाचे फक्त पाय दिसायचे.

आई आतून हाक मारायची, “ताट वाढलंय रे.”

“एवढं करून येतो,” माझ्याखालून आवाज यायचा.

ताट निवायचं. आई दुसऱ्यांदा हाक मारायची, तिसऱ्या वेळी नुसतं म्हणायची, “बारक्या!” बारक्या उठायचा, दादाचे दोन्ही घोटे धरायचा आणि पुठ्ठ्यासकट त्याला फरशीवरून सर्रकन बाहेर ओढायचा. दादा पाना हातात धरून शिव्या देत, हसत ओढला जायचा, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. इतकं मजेदार काही मी पार्सलांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

ट्रॅकवर जायचं तर एक नियम फार कडक असतो. इंजिनच्या तळाशी ऑइल काढायचा एक बोल्ट असतो. तो धावताना सुटला, तर तेल रस्त्यावर सांडतं आणि मागून येणारे एकामागून एक घसरतात. म्हणून अशा बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टीलची तार ओवायची, पीळ द्यायचा आणि दुसरं टोक पक्क्या जागी बांधायचं. तार कोणत्या बाजूने न्यायची, हीच त्यातली गोम. बरोबर बाजूने नेली, तर बोल्ट सैल व्हायला लागताच तार त्याला मागे ओढते.

दादाच्या तारा बघण्यासारख्या असायच्या. पीळ अगदी एकसारखा, वेणी घातल्यासारखा. ब्रेकच्या बोल्टना, तेलाच्या झाकणाला, सगळ्यांना त्याने तारा बांधल्या. राहिली फक्त तळाची.

त्या दिवशी तो कामावरून लवकर आला. अंगात ताप होता. स्वेटर घालूनच तो माझ्याखाली शिरला. माझ्या इंजिनला त्याचा हात लागला तेव्हा मला वाटलं, कुणी मला चालू करून तापवलंय की काय.

“अरे, डॉक्टरकडे जा आधी,” आई म्हणाली.

“एवढी तार बांधून येतो.”

ताट वाढलं गेलं. आईने हाक मारली. बारक्या उठला आणि नेहमीसारखे त्याने दादाचे घोटे धरले.

“आज नको ओढूस रे,” दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “अंग दुखतंय. पकड दे.”

बारक्याने घोटे सोडले आणि पकड दिली. आईने ताटावर झाकण ठेवलं. आणि मी, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती वर उभी. माझ्या हँडलला दोन मुठी आहेत, पण हात नाहीत.

दोनदा त्याच्या बोटांतून तार निसटली. पकडही एकदा त्याच्याच छातीवर पडली. तरी त्याने काम पुरं केलं. मग तो तसाच पुठ्ठ्यावर डोळे मिटून पडून राहिला. डॉक्टरकडे नेलं ते दुसऱ्या दिवशी. तिथून मोठ्या दवाखान्यात. ताप डोक्यात गेला, असं कुणीतरी बोललं. दादा परत आला नाही.

घर माणसांनी भरलं. बसायला जागा कमी, म्हणून लोक माझ्या अवतीभवती दाटीने उभे राहिले. एक लांबची मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, “शेवटी या गाडीनेच घात केला ना?”

“तापाने गेला तो,” आई म्हणाली. “गाडी अजून घराबाहेरसुद्धा पडलेली नाही.”

आईने माझी बाजू घेतली. त्याने मला इतकी लाज वाटली की वाटलं, मावशीचंच खरं असतं तर बरं झालं असतं.

पुढची गोष्ट आणखी वाईट. त्याच दिवसांत मी पुन्हा गळायला लागले. ज्या घरात कुणी धड बोलत नव्हतं, तिथे टप... टप... असा माझाच आवाज. आईने बशी आणून ठेवली. बारक्याने वाकून खाली पाहिलं. तेल त्या तळाच्या बोल्टमधूनच येत होतं. त्याने फडक्याने पुसलं, पण पाना लावला नाही. पाना लावायचा तर तार तोडावी लागली असती, आणि ती दादाने बांधलेली शेवटची तार. तो रोज पुसत राहिला.

मग एके दिवशी काय डोक्यात आलं कोण जाणे, त्याने टेम्पो बोलावला. दादाने ट्रॅकच्या दिवसासाठी आधीच नाव नोंदवलं होतं. त्या नावाच्या जागी आपलं नाव लावून बारक्या मला घेऊन निघाला. आई दारात आली. मला वाटलं, ती आडवी उभी राहील. तिने बाजूला होऊन वाट दिली.

ट्रॅकवर माझी काय अवस्था झाली, सांगू नये. दोन्हीकडे चकचकीत गाड्या, आणि मध्ये मी, अर्धी लाल, अर्धी राखाडी. रांगेतला एक जण मित्राला म्हणाला, “ही बघ, एका बाजूने लग्नाला निघालीय, दुसऱ्या बाजूने दळणाला.” दोघे खिदळले. दादा असता तर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला असता. बारक्याच्या मुठी वळल्या.

गाड्या तपासायला एक बाई होत्या. आखूड पांढरे केस, गुडघ्यावर तेलाचे डाग. त्या माझ्याभोवती सावकाश फिरल्या. दादाच्या तारांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मला क्षणभर फार छान वाटलं. मग त्या खाली वाकल्या. बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं.

“ही तार काढावी लागेल.”

“का?”

“उलट्या बाजूने नेलीय. बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला धरणार नाही. उलट सुटायला मदत करेल. आणि सुटायला लागलेलाच आहे तो.”

“माझ्या भावाने बांधलीय,” बारक्या म्हणाला.

“कुणीही बांधू दे. तोड.”

“हात लावायचा नाही तिला!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की सगळी रांग वळून बघायला लागली. “त्याचं काम चुकत नाही. तुम्हाला काय माहीत तो कसा काम करायचा!”

बाई रागावल्या नाहीत. “तेच तर म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या. “या बाकीच्या तारा बघ. इतकं देखणं काम मी क्वचित बघते. हा माणूस बाजू चुकणारच नाही. ही एक तार दुसऱ्या कुणी बांधली का?”

“नाही. त्यानेच.”

“मग त्या दिवशी त्याला बरं नव्हतं का?”

त्यांनी सहज विचारलं होतं. बारक्याने माझी सीट घट्ट धरली. मग तो मटकन खाली बसला आणि माझ्या पुढच्या चाकाला डोकं टेकून, रांगेतल्या सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडायला लागला.

“मी पकड दिली,” तो म्हणत होता. “पाय धरले होते मी. सोडून दिले आणि पकड दिली.”

मला तर रडताही येत नाही, गळताच येतं.

बाईंनी रांगेला दुसरीकडे जायला सांगितलं आणि पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवली.

“तुला पळवायची नसेल तर नको पळवूस,” त्या म्हणाल्या. “पण अशी मी तिला आत सोडणार नाही. तुझ्या मागून येणाऱ्यांचेही भाऊ असतात.”

बारक्याने तोंड पुसलं. पकड मागितली. माझ्याखाली शिरला आणि तार तोडली. कट्ट असा आवाज झाला. बोल्ट पान्याने घट्ट केला. नवी तार ओवताना बाई गुडघ्यावर बसून सांगत होत्या, “त्या बाजूने नको, इकडून. हं. आता पीळ दे.” त्याची वेणी ओबडधोबड झाली. पण बाजू बरोबर होती.

मग आम्ही पळालो. फार वेगात नाही. सगळे आम्हाला मागे टाकून गेले, ते दोघेसुद्धा. बारक्या प्रत्येक वळणावर हेल्मेटच्या आत काहीतरी बोलत होता. माझ्या टाकीवर तो ओणवा झाला की मला ऐकू यायचं. “दादा, डावीकडे... दादा, आता सरळ...” उतरला तेव्हा त्याला म्हणे बरं वाटलं. मला त्या पळण्याची आजही लाज वाटते, कारण ते फार सुंदर होतं.

घरी आल्यावर त्याने तुटकी तार आईच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. अडखळत, नाक ओढत.

आईने तार उलटसुलट करून पाहिली. “मीपण ताटावर झाकण ठेवलं,” ती म्हणाली. “उठून बघायला हवं होतं ना मी.” एवढंच. मग तिने तार त्या बशीत ठेवली. बशी आता कोरडी असते.

मी अजून इथेच आहे. विकायची की ठेवायची, हे ठरत नाही. ठरेल तेव्हा जाईन, माझं काही म्हणणं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुणी कशाखाली तरी शिरलेलं असेल, आणि अंग तापलेलं असताना म्हणत असेल, ‘एवढं करून येतो’. त्याला पकड देऊ नका. आमच्यासारख्या वस्तू थांबतात. आम्हाला दुसरं काय काम असतं?

काल संध्याकाळी बारक्या माझी साखळी बघायला म्हणून चादर वर करून खाली शिरला. तो खोकत होता. साधाच खोकला.

“ताट वाढलंय,” आईने हाक मारली.

“एवढं करून येतो.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आई बाहेर आली. हात पदराला पुसले, खाली वाकली आणि त्याचे दोन्ही घोटे धरले. बारक्या दांडगा, ती हातभर. पण पाय फरशीवर रोवून तिने असा हिसका दिला, की पुठ्ठ्यासकट तो माझ्याखालून बाहेर निघाला.