नाव कापलेला लेख

मी एक लेख बोलतोय. साडेसातशे शब्दांचा, एका मासिकाच्या एकतिसाव्या पानावर छापलेला.

माझा जन्म दवाखान्यात, चहाच्या सुटीत, पाठकोऱ्या कागदांवर झाला. लिहिणारी तिथली परिचारिका. तिचा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि बोलताना अडखळतो, त्याच्याविषयी मी होतो. छापायला देण्याआधी तिने मला त्याला वाचून दाखवलं. दादाने डोळ्यावरचं भिंग काढलं. म्हणाला, "दे. फक्त कुणी हसेल असं काही घालू नकोस."

तिने शब्द दिला आणि पाळलाही.

शेजारच्या निवृत्त काकांना मी मनापासून आवडलो. दोन दुपारी खपून, एका बोटाने त्यांनी मला अख्खा फोनवर उतरवला आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. तिचं नाव, मासिकाचं नाव तेवढं घालायचं राहिलं. तिने भीतभीतच सुचवलं की मासिकाच्या साइटची लिंक पाठवली असती तरी चाललं असतं. काका हसले. "अगं, चांगल्या विचाराला नाव कशाला लागतं?"

भिडेखातर तिने विषय बदलला.

एका शाळेतल्या बाईंनी मात्र तिला पत्र लिहून विचारलं होतं, वर्गात वाचू का, तुमचं नाव सांगूनच वाचेन. दोन ओळींचं पत्र. एवढंच लागतं.

नाव गेलं तसा मी बेवारस झालो. कुणी माझा मधला भाग छाटला. एका व्याख्यात्याने खाली स्वतःचं नाव घातलं. मग कुणीतरी दादाच्या तोंडी त-त-प-प करणारे विनोद घुसडले. मला कळत होतं, पण लेखाला काही हात नसतात.

एके सकाळी घड्याळांच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने मला फोनवरून हसत हसत वाचून दाखवलं, खुद्द दादालाच. दुसऱ्याच ओळीला त्याने स्वतःला ओळखलं. गिऱ्हाइकाचं घड्याळ त्याच्या हातात दिलं आणि दुकान बंद केलं.

संध्याकाळी बहीण आली तर तो तिच्याकडे बघेना. तिने मासिक उघडून पुढ्यात ठेवलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं.

"ते तू नाही लिहिलंस, कळलं," प्रत्येक शब्दाला थांबत तो म्हणाला. "पण हसणाऱ्यांना कोण सांगणार?"

ती उठून काकांकडे गेली.

काकांना समजलं तेव्हा ते खजील झाले. आपल्या फोनमधून त्यांनी मला पुसलं, दुकानात जाऊन माफी मागितली. दादाने त्यांना बसायला स्टूल दिलं. पण तोवर मी हजारो फोनांवर पोचलो होतो.

हल्ली दादा गिऱ्हाइकांशी बोलत नाही. घड्याळ कधी मिळेल ते चिठ्ठीवर लिहून देतो.

कदाचित मी तुमच्याकडेही आलो असेन. पुढे पाठवण्याआधी खाली लिहिणारीचं नाव आहे का, तेवढं बघा. नसेल तर मला तिथेच थांबवा. मला स्वतःहून थांबता येत नाही.