पाच घरांचं एक खातं

खाडीकाठची वस्ती उभी राहिली तेव्हापासून बायकांची भिशी सरलाबाईकडेच असायची. खानदेशातून सुरतेला आलेल्या त्या बायका नवऱ्यांवर विश्वास ठेवत नव्हत्या, बँकेवर तर मुळीच नाही. पण सरलाबाईच्या डब्यावर? डोळे मिटून! आणि बाई होतीच तशी. घरात मीठ नसलं तरी भिशीच्या पैशाला तिने कधी बोट लावलं नव्हतं.

मग रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती पाडली आणि पाच कुटुंबं डिंडोलीच्या पुलाखाली आली. तिथं एक संस्था आली, बेघर कुटुंबांना दरमहा रोख मदत देणारी. संस्थेच्या नूतनबेननी प्रत्येकीचं बँकखातं विचारलं आणि गोंधळ सुरू झाला. मालतीबाईचं खातं गावाकडे कधीच बंद पडलेलं. लीलाचं एटीएम कार्ड तिच्या नवऱ्याच्या, भिकनच्या खिशात. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात, पण ते भिकनला कुणी सांगितलं नसावं.

मालतीबाईच म्हणाली, "सरलाना खातामा टाका ना ताई सगळास्ना पैसा. भिशी बी तिनाकडेच शे."

नूतनबेननी जरा काचकूच केली, पण त्यांनाही काम उरकायचं होतं. झालं. पाच घरांची मदत एका खात्यात येऊ लागली. तारखेला सरलाबाई बँकेत जायची आणि परत येऊन जिचं तिचं हातावर ठेवायची. लीला तर तिच्या पाया पडायची. लीलाचं तान्हं पोर सरलाबाईनेच त्या पुलाखाली, चार साड्यांचा आडोसा करून, सुखरूप बाहेर काढलं होतं. लीलाला दूध येत नव्हतं. पोर वरच्या दुधावर होतं आणि ते दूध या पैशांतून यायचं.

सरलाबाईचा नवरा लोटू. उभं आयुष्य कापडाच्या लूमवर काढलं आणि आता दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सरकारी कार्डावर ते फुकट व्हायचं, म्हणून माणूस जिवंत होता. दुसरं काही कारण नव्हतं. कार्ड चालू ठेवायला उत्पन्नाचा नवा दाखला लागणार होता. सरलाबाई कचेरीत गेली.

साहेब वाईट नव्हता. पंख्याखाली बसा म्हणाला. मग त्याने बँकेतून निघालेला कागद पाहिला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "बेन, दर महिने आटला बधा पैसा? एवढे सगळे?"

सरलाबाईला हसूच आलं. "माझे कुठले साहेब! माझा पाचवा वाटा. बाकी चौघींचे."

"मग त्या चौघींना आणा. संस्थेचं पत्र चालणार नाही. आमचे पैसे तिच्या खात्यात येतात, असं त्यांनी लिहून द्यायचं. मग दाखला निघेल." साहेबाने कागद परत दिला. "पण त्यांची रेशनकार्डं मग तपासावी लागतील. मदत मिळते आणि सांगितलं नाही म्हणून."

सरलाबाई पुलाखाली आली आणि सगळं जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. शहाणी असती तर रेशनचं तेवढं गिळलं असतं. पण नाही! ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याचा पैसा राखला, तिला लपवणं कुठून जमणार?

मालतीबाई साडीचे धागे कापत होती, ती कापतच राहिली. चौघींतली चंचल म्हणाली, "वहिनी, कोसाडच्या सरकारी घरासाठी आमचा अर्ज आहे. तिथं उत्पन्न बघतात." चौथी तर उठून पाणी भरायलाच गेली.

"लीला, तू तरी चल गं," सरलाबाई म्हणाली.

लीलाने मान खाली घातली. "काकी, मना धाकल्याकडे देख. रेशन बंद झालं तर आम्ही काय खायचं?"

"अगं, तो मरेल!"

लोटू तिथंच चार हात अंतरावर पडला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मालतीबाईने कात्री खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "आणि सरला, पैसे तुझ्याच खात्यात आले ना? आम्ही कुठं सही केली?"

 अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी सरलाबाईला इतकं भाजलं नसतं.

कार्ड बंद झालं. दवाखान्यातल्या बाईने खिडकीतूनच सांगितलं, पैसे भरा नाहीतर दाखला आणा. डायलिसिसची एक खेप चुकली, मग दुसरी चुकली. लोटूचे पाय सुजले, तोंड सुजलं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. म्हणून तो पुलाच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. शेजारच्या चौघी रोज बघायच्या आणि रोज आपापल्या कामाला लागायच्या.

मदतीची तारीख उजाडली. पैसे जमा झाले. सरलाबाईने खात्यातून होते नव्हते तेवढे काढले, लोटूला रिक्षात घातलं आणि कतारगामच्या खाजगी दवाखान्यात नेलं. सगळे पैसे आगाऊ भरून टाकले.

सुई टोचून घेताना लोटूने विचारलं, "कोना पैसा व?"

"माझे," ती म्हणाली. "सरकारने सांगितलंय, माझेच आहेत."

दिवस कलता कलता दोघं परतली. चौघी वाट बघत उभ्या होत्या. लीलाने तर दूधवाल्याला थांबवूनच ठेवलं होतं.

"आमचे?" मालतीबाईने हात पुढे केला.

"तुमचे कसले? सही केली होती?"

मग जे व्हायचं ते झालं. चंचलने तिच्या झिंज्या धरल्या. मालतीबाईने तिचा, लोटूचा, तिच्या मेलेल्या आईबापाचा उद्धार केला. "चोरटी! नूतनबेनकडे जातो, आता जातो!"

सरलाबाईने पदर सावरला. "जा की. आधी कचेरीत लिहून द्या, आमचे पैसे सरलाच्या खात्यात येतात म्हणून. मी पण येते, आत्ता चला."

चंचलचा हात सुटला. कुणी जागचं हललं नाही. दूधवाला थोडा वेळ थांबला, मग कॅन सायकलला अडकवून निघून गेला.

लीला भांडली नाही. ती रिकामं पातेलं घेऊन बसून राहिली आणि मांडीवरचं पोर रडायला लागलं. आधी जोरात, मग चिरक्या आवाजात, थांबत थांबत. आपण हातात घेतलं तेव्हा ते पोर पहिल्यांदा असंच रडलं होतं, हे सरलाबाईला आठवलं. तिला ते नको होतं, पण आठवलं.

लोटू कितीतरी दिवसांनी पाठ टेकून आडवा झाला होता. त्याचा डोळा लागला होता. रडण्याने तो जागा होऊ नये म्हणून सरलाबाईने गोधडी वर ओढली आणि त्याचे कान नीट झाकले.