इथला मलिदा तिकडे धरत नाहीत

सिपोरा झिराडकर सोळा वर्षांनी सोलापुरात आली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिनं माझं डोकं फिरवलं. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता तो.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. रेल्वे लाइन्समध्ये एकेकाळी आमची बरीच घरं होती. कुणी माझ्या यजमानांसारखे गार्ड, कुणी गिरणीत, कुणी दवाखान्यात नर्स. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, आमच्या एकाही घरात चूल पेटत नसे. शेजारची विठाबाई शुक्रवारीच विचारून ठेवायची, "उद्याचा च्या माज्याकडंच न्हवं?" मग एकेक घर इस्राएलला गेलं. सिपोरा, माझी बाळपणची मैत्रीण, अश्दोदला गेली. उरले मी, दाऊदमामा किल्लेकर आणि गिरणीत हिशेब लिहिणारे दोघे भाऊ.

गेलेल्यांचं सोलापूर म्हणजे मी. दिमोनाहून कुणी लिही, बाबांची कबर साफ कर. लोदहून कुणी लिही, येणाऱ्याबरोबर शेंगाची चटणी धाड. शाळेच्या दारातली चिंच अजून आहे का, हेही मला विचारायचं. मी सगळं करत आले. त्याचा मला कधी कंटाळा आला नाही, उलट पोस्टमनची वाट बघायची सवय लागली.

त्र्याहत्तरच्या युद्धात सिपोराचा मुलगा आरोन सीमेवर होता आणि त्याची खबर नव्हती. तेव्हा तिनं मला लिहिलं, पोरगा जिता परत आला तर एलियाहू हन्नाबीचा, आपल्या पैगंबराचा मलिदा करीन, आणि तो तुझ्या घरी, सोलापूरला. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओला नारळ, वेलदोडे, भोवती फळं. मोठ्या ताटात मांडून प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी वाटून खायचा. आमच्यात नवस बोलतात ते त्याचेच. आरोन परत आला. मी कळवलं, तू ये, मग करू. भाचीच्या लग्नासाठी ती ठाण्याला येणार होतीच.

म्हणून त्या गुरुवारी मी नवी पेठेतून पोहे, खजूर, सफरचंदं आणली होती. विठाबाई सकाळपासून नारळ खवत बसली होती. आणि सिपोरा म्हणते काय,

"अगं मिल्के, एवढा पसारा कशाला मांडलास? मलिदा आम्ही तिकडं करून घेतला. उन्हाळ्यातच."

"तिकडं? नवस इथला बोलली होतीस तू."

"बोलले गं. पण सगळे म्हणाले, सोलापुरात आता दहा पुरुषसुद्धा नाहीत. तीन माणसांतला मलिदा कसा धरायचा? मग हॉलमध्ये झाला. छान झाला. माइक होता."

"माइक!"

"मनाला लावून घेऊ नकोस. कमिटीनंच ठरवलं."

"कसली कमिटी?"

"आमची. अश्दोदच्या सोलापूरकरांची."

मी हसले. रागानं हसू येतं तसं. सोलापूर सोडून गेलेल्यांनी समुद्रापलीकडे बसून ठरवलं, की सोलापूरचा मलिदा धरायचा नाही! सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात, हे मला सांगायला अश्दोदची कमिटी नको. पण मलिदा घरचा. माझ्या वडिलांनी आम्हा पोरींना भोवती बसवून तो म्हटलेला आहे, आणि त्या पोरींत ही सिपोराही असायची, पोह्यांतले बदाम वेचत.

"सिपोरे," मी म्हटलं, "तिथं पोरांची लग्नं लावायची वेळ आली तेव्हा तिथल्या धर्मपंडितांनी तुम्हाला काय विचारलं होतं?"

तिनं कप पुन्हा उचलला.

"तुमची आजी खरी यहुदी होती कशावरून, असं विचारलं. चौसष्ट साली तुम्ही बायकापोरांसकट जेरुसलेमात धरणं धरून बसलात. तू मला लिहिलंस, मिल्के, आम्हाला हे यहुद्यांत धरत नाहीत. तेव्हा इथं आम्ही उपास केला तुमच्यासाठी. आणि आता तू माझ्या घरात बसून मला तेच ऐकवतेस?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

विठाबाईनं खवणी बाजूला सारली. "व्हय वो सिपोराबाई, तिकडला शिक्का मारल्याबिगर द्येव हितं येत न्हाय व्हय?"

"विठे, तुझी जीभ अजून तशीच आहे."

"तुमची कुटं गेली? मगा लई चालत हुती की."

तेवढ्यात दाऊदमामा टोपी घालून आले, पाठोपाठ ते दोघे भाऊ. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी ताट मांडलं, फळं लावली, दिवा लावला. मामांनी पुस्तक उघडलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "नवस कुणाचा?"

मी तोंड उघडलं नाही. आरोनचं नाव मी सांगितलं असतं तर ताट माझं झालं असतं, तिचं नव्हे. आणि तिनं सांगितलं नसतं तर आमच्या दिवाणखान्यात चार म्हातारी माणसं गोड पोहे खायला जमली होती, एवढंच.

सिपोरा ताटाकडे बघत पुटपुटली, "आरोनचा."

"मोठ्यानं म्हण," मी म्हटलं. "मामांना कमी ऐकू येतं."

"मला ऐकू आलं," मामा म्हणाले.

"मला नाही आलं."

सिपोरानं माझ्याकडे रोखून पाहिलं. डोक्यावर पदर घेतला.

"माझ्या आरोनचा नवस. पोरगा लढाईतून जिता आला. सोलापूरला बोलले होते, सोलापूरला फेडते." आणि माझ्याकडे वळून, "झालं समाधान?"

"झालं. बस आता."

तिनं दोनदा मागून खाल्लं. पण दुसऱ्या दिवशी रिक्षात बसताना माझा हात धरून म्हणते, "कमिटीत कुणाला लिहू नकोस हं. उगीच बोलतील."

माझी पुन्हा तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच आठवड्यात मी अश्दोद, लोद, दिमोना, सगळीकडे पत्रं टाकली. मलिद्याला कोण कोण होतं ते लिहिलं, आणि सिपोरा काय म्हणाली तेही शब्दन् शब्द. सिपोराची पत्रं बंद झाली. होईनात का.

उन्हाळ्यात कमिटीतल्या रेऊबेन चौलकरांचं पत्र आलं. सुनेला मूल होत नव्हतं, आता दिवस गेलेत. नवस बोललोय, सोलापूरच्या मलिद्याचा. करशील का?

मी उलट टपाली कळवलं, करीन की. पण इथं येऊन, ताटासमोर बसून नाव तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.