दावीदच्या गादीचं तेल

मी बुधला बोलतोय. मेंढ्याच्या शिंगाचा, वीतभर लांबीचा, तोंडाला जैतुनाच्या लाकडाचं बूच असलेला. बोलायला बसलो खरा, पण जे झालं ते आठवलं की मला आजही सुधरत नाही.

माझा मेंढा बेथलेहेमच्या माळावर चरायचा. तो वेदीवर गेला आणि त्याचं एक शिंग यरुशलेमच्या कारागिराच्या हाती आलं. त्यानं मला उकळलं, आतलं हाड ओढून काढलं, वाळूनं घासून गुळगुळीत केलं. मग मंदिरात माझ्यात तेल भरलं गेलं. जैतुनाचं तेल, त्यात गंधरस आणि दालचिनी. ते फक्त नव्या राजाच्या डोक्यावर ओतायचं. दुसऱ्या कोणाच्या अंगाला लावलं तर लावणाऱ्याला वाळीत टाकत.

मला सांभाळायचा हशब्या. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी घराण्यातला गायक, आवाज असा की पायऱ्यांवर बसलेले लोक बोलणं थांबवायचे. राजाला तेल लागलं की तो आमच्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाचं, दावीद राजाचं गाणं म्हणायचा. देवानं दावीदला शपथेवर शब्द दिला आहे: आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर तुझ्या वंशाची गादी राहील. तुझी लेकरं चुकली तर मी त्यांना छडीनं मारीन, पण माया काढून घेणार नाही, घराणं बुडू देणार नाही.

हे गाणं लोकांच्या तोंडी इतकं रुळलं होतं, की बाजारात सौदा पक्का करतानाही म्हणायचे, "दावीदच्या गादीसारखा पक्का बरं का." मलाही तसंच वाटायचं. एक राजा गेला की दुसरा येणार, माझं बूच निघणार.

शेवटच्या राजाचा थोरला मुलगा कधीकधी हशब्याकडे यायचा. बुचाला नाक लावायचा.

"हे माझ्यासाठी ठेवलंय ना?"

"तुझ्याचसाठी. पण वडिलांना आधी म्हातारं होऊ दे," हशब्या म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

मग पूर्वेकडच्या बाबेल साम्राज्याच्या फौजेनं शहराला वेढा घातला. पहिल्या हिवाळ्यात लोक हशब्यालाच विचारायला यायचे. तो सांगायचा, "शपथ माणसाची नाही, देवाची आहे. हे शहर पडायचं नाही." भाकरी अर्धी झाली, मग पाव झाली, मग भटारखान्यांची गल्ली बंद पडली.

हशब्याची मुलगी अक्सा तेव्हा त्याच्याच घरी होती. तिचा नवरा तटावर बाण लागून गेला होता. तिर्सा नावाची दोन वर्षांची पोर तिच्या कडेवर असायची. पोर आधी रडायची, पुढे रडणंही बंद झालं. मंदिरावर दगड पडायला लागले तेव्हा हशब्यानं मला घरी आणलं होतं.

अक्सानं मला पाहिलं. "बाबा, यात जैतुनाचं तेल आहे."

"ते राजपुत्राचं आहे."

"चार थेंब द्या. हिच्या जिभेवर ठेवते. पोटात काहीतरी जाईल."

"अक्सा, हे नुसतं तेल नाही. याच्यात शब्द आहे देवाचा. हे आपण खाल्लं तर उद्या त्या मुलाच्या डोक्यावर काय ओतायचं?"

"उद्या?" ती म्हणाली. "शपथ देवानं वाहिलीय ना? मग तुमच्या चार थेंबांवाचून ती अडणार आहे का?"

हशब्यानं मला अंगरख्याच्या आत खोचलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.  त्याचा हात दोनदा माझ्या बुचापर्यंत आला आणि मागे गेला. तिर्सा दुसऱ्या दिवशी गेली. अक्सानं तिला त्याच्या हातात दिलं नाही.

पुढच्याच महिन्यात तटाला खिंडार पडलं. मंदिर जळताना गंधसरूच्या सुवासिक लाकडाचा वास शहरभर पसरला. राजा पळाला आणि यरीहोच्या मैदानात पकडला गेला. उरलेल्यांना रांगेनं उत्तरेकडे हाकललं. हशब्या चालत होता, मी त्याच्या अंगरख्यात होतो, आणि तो पुटपुटत होता, "छडी आहे ही. छडीनं मारीन म्हणाला होता. राजाचा मुलगा आहे अजून. वंश आहे."

रिब्ला गावी बाबेलच्या राजाचा तळ होता. तिथे आम्हा सगळ्यांना उभं केलं. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. राजपुत्रांना पुढे आणलं. थोरल्यानं गर्दीत हशब्याला ओळखलं असावं, कारण "हशब्याकाका" अशी एक हाक आली. एकच. मग बापाच्या समोर एकेकाला कापलं. ते पाहून झाल्यावर बापाचे डोळे काढले, म्हणजे तेच त्याचं शेवटचं पाहणं.

कोणी ओरडलं नाही. इतकी माणसं, आणि नुसता माश्यांचा आवाज. माझ्यातलं तेल काठोकाठ होतं आणि ते ओतायला डोकं उरलं नव्हतं. मी कोणासाठी भरलेला होतो?

हशब्याचं पुटपुटणं तिथे थांबलं.

पुढच्या मुक्कामाला तो लोकांमध्ये फिरला. गुडघ्यावर बसायचा आणि समोरच्याची फुटलेली पावलं हातात घ्यायचा. कुंभाराची, धोबिणीची, कोणा अनोळखी म्हातारीची. माझं बूच काढून तेल लावायचा. मंदिरातला पुजारी, एक याजक, म्हणाला, "अरे, वाळीत टाकतील तुला."

"कोण टाकणार?" हशब्यानं विचारलं. "आणि कुठून?"

अक्सा शेवटी होती. तिनं पाय आवरून घेतले. तो तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळानं तिनं एक पाऊल पुढे केलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. तळाशी राहिलेलं सगळं त्यानं त्या पावलावर उपडं केलं. मी रिकामा झालो.

बाबेलच्या मुलखात आम्हाला कालव्याकाठी वसवलं. हशब्या गाळ उपसायचा, अक्सा विटांसाठी गवत कापायची. शब्बाथाला, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, आमच्या आधी पकडून आणलेले बंदी आणि आम्ही पलट्याच्या अंगणात जमायचो. हा पलट्या वस्तीतला वडीलधारा. तो दर वेळी म्हणायचा, "हशब्या, दावीदचं गाणं म्हण." हशब्या मान हलवायचा. वर्षभर त्यानं सूर लावला नाही.

एका शब्बाथाला अक्साच म्हणाली, "म्हणा बाबा." वेढ्यानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "पण अर्धं नको. पुढे काय झालं तेही म्हणा."

तो उभा राहिला. आवाज फाटला होता. त्यानं शपथ गायली, चंद्र-सूर्य गायले, छडी गायली, एक शब्द न गाळता. लोकांना वाटलं संपलं. त्याच चालीवर तो पुढे गेला: आम्ही चुकलो, मार खाल्ला. तेवढंच ठरलं होतं. मग घराणं का तोडलंस? मुकुट मातीत पडला आहे, मुलगे पुरलेसुद्धा नाहीत. शपथ तुझी होती. ती माया कुठे आहे?

 पलट्याचं तोंड पांढरं पडलं. "देवाला जाब विचारतोस? हे काय गाणं झालं?"

"मग कोणी विचारायचं?" अक्सा म्हणाली. "बाबेलवाल्यांनी? शब्द आपल्याला दिलाय."

पलट्या हशब्याजवळ सरकून बसला. म्हणाला, "शेवटच्या ओळी पुन्हा म्हण. मला पाठ नाहीत."

हशब्या आता नाही. कालव्याच्या बांधाजवळ त्याला पुरलं. मी अक्साच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. तेलाचा वास कधीच उडाला, काठाला बारीक चीर गेली आहे, तिच्यात मुंग्या राहतात. अक्सा गाणं पोरींना शिकवते, दोन्ही भाग. एखादी विचारते, "आत्याबाई, याचं उत्तर कुठल्या ओळीत आहे?"

"अजून आलेलं नाही," ती म्हणते. "तुम्ही नीट पाठ करा. चूक करू नका. विचारणं चुकलं तर देवाला उत्तर चुकवायला निमित्त होईल."

तुम्ही कुठले, कधीचे, मला माहीत नाही. मी पुन्हा भरला जाईन की नाही, तेही नाही. पण या शब्दाचं पुढे काय झालं हे तुमच्या कानावर आलं असेल, तर कृपा करून कालव्याकाठी येऊन सांगा. अक्साचे केस पांढरे झाले आहेत. जमलं तर लवकर या.