भाऊचा आवाज कमी करायचा नाही

वॉकीटॉकी निवडण्यात राजकुमारला काय मिळणार होतं, ते आधी पाहू. बुलढाण्याच्या एअरसॉफ्ट टीमची कप्तानी. गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट. चौकात बॅनर, मधोमध काळा गॉगल घातलेला राजकुमार आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे चेहरे. आणि सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे हुकूम सोडायचा हक्क. घरी त्याचा हुकूम कोणी ऐकत नसे. वडील उत्तमराव मोठे शेतकरी. शहरात खताचं दुकान, घाटाखाली रोहिणखेडच्या वाटेवर दगडगोट्यांची पडीक जमीन, आणि सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला. मिशीत पांढरा केस आला तरी राजकुमारला विहिरीवरच्या मोटारीचं बटण विचारल्याशिवाय दाबता येत नव्हतं. वॉकीटॉकीचं बटण मात्र त्याच्या एकट्याच्या अंगठ्याखाली येणार होतं.

एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून प्लास्टिकचे छर्रे मारायचे. समोरच्यांचा झेंडा पळवला की डाव जिंकला. ज्याला छर्रा लागला त्यानं आपणहून हात वर करायचा, लागला तिथंच बसायचं आणि डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मेलेल्यानं बोलायचं नाही, हा पक्का नियम. सगळा खेळ असा प्रामाणिकपणावर चालतो. टीममध्ये दोन वकील होते. ते सहसा मरत नसत.

आधीचे कप्तान पंजाबराव खेळाचे शिक्षक. त्यांची लोणारला बदली झाली, तेव्हा खामगावविरुद्धचा सामना संपला की हात वर करून नवा कप्तान निवडायचा असं ठरलं. उमेदवार दोन. एक राजकुमार, कारण खेळायची जमीन त्याच्या बापाची. दुसरी अनुपमा; ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि टीमनं आजवर जे दोन-चार झेंडे आणले ते तिनंच आणले होते. कप्तानी आपल्याला मिळावी असं तिला फार वाटत होतं आणि तसं ती उघड बोलायची. आपल्याकडे बाईनं काही उघड मागितलं की लोकांना आधी तिच्या स्वभावाची काळजी लागते.

जाता जाता पंजाबरावांनी वॉकीटॉकी आणायचं आणि सामन्यात त्यावरून हुकूम द्यायचं काम राजकुमारवर टाकलं. बदली झालेला माणूस कोणाशी वाकडं घेत नाही.

टीममधल्याच प्रज्वलच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर तीन नमुने ठेवले गेले. पहिला तळहातात मावेल असा, कानात घालायच्या वायरीसकट. दुसरा मधला, त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. तिसरा विटेएवढा, वीतभर अँटेना, टॉर्च, आणि गणपतीच्या मांडवात चालेल असा स्पीकर.

"छोटा घेऊ," अनुपमा म्हणाली. "आवाज आपल्या कानात राहतो. आणि घ्यायच्या आधी घाटाखाली नेऊन पाहू. डब्यावर पाच किलोमीटर लिहिलंय ते सपाट रानातलं. आपल्या मधे टेकडी आहे."

राजकुमारनं वायर दोन बोटांनी उचलली, मेलेली गोम उचलावी तशी. "हे कानात घालून मी काय करू ताई? माणसाईले हुकूम देऊन राह्यलो, तं चार लोकांले आयकू नाई का यायले पाह्यजे?"

"चार लोकांत समोरचेही असतात, राजकुमारभाऊ."

"असू द्या ना. दबतीन."

प्रज्वल मोठ्याचा डबा पुसत होता. "भाऊले मोठाच शोभते," तो म्हणाला. त्याचा मतलब वेगळा होता. ते मोठे सेट त्याच्याकडे गेल्या दिवाळीपासून पडून होते.

चाचणी झाली. राजकुमार आपल्या घराच्या गच्चीवर चढला आणि त्यानं हरिओमला खताच्या दुकानाच्या गच्चीवर चढवलं. हरिओम त्याच दुकानात पोती उचलायला होता; टीममध्येही तो पोती उचलायलाच असावा अशी सगळ्यांची समजूत. गच्ची ते गच्ची आवाज खणखणीत गेला. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीसुद्धा थबकल्या. खेळ गच्चीवर होत नाही, हे तिथं कोणाला सुचलं नाही. सुचलेली बाई कॉलेजात तास घेत होती.

सेट वाटताना राजकुमारनं एकच सूचना दिली. "आवाजाचं बटण फुल ठेवायचं. माह्या आवाज कोनी कमी करायचा नाई."

हरिओमनं मान हलवली. "तुमचा आवाज कोन कमी करन भाऊ?"

सामन्याच्या दिवशी राजकुमार टेकडीवर उभा राहिला, कारण कप्तान उंचावर असतो. टेकडीपलीकडे गेलेल्या निम्म्या टीमला नुसती खरखर ऐकू येत होती. हरिओमला मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. तो टेकडीच्या अलीकडे, खामगावच्या झेंड्याजवळच्या नाल्यात, तरोट्याच्या झुडपात पोटावर पडून होता. मुंग्या चावत होत्या, तरी हलला नव्हता. खामगावची तीन पोरं बोलत बोलत नाल्याकडे उतरली. आणखी थोडी पुढं आली असती की तिन्ही त्याच्या नेमात होती. हरिओमनं श्वास धरला.

झुडूप बोललं, "हरिओम, जेवला का बे? नाल्यातच हायेस ना? उजव्या अंगाले? हालू नको तिथून. ओव्हर."

तिन्ही पोरं थांबली. मग निवांत उजव्या अंगाला आली आणि त्यांनी हरिओमच्या पाठीवर छर्ऱ्यांचा पाऊस पाडला. हरिओमनं हात वर केला आणि तिथंच उकिडवा बसला.

"तुमचे साहेब अजून काई म्हणून राह्यले का भाऊ?" त्यातला एक म्हणाला. "आमी थांबतो."

हरिओम बोलला नाही. मेला होता.

तेवढ्यात अनुपमा मात्र पोचली होती. आपला सेट बंद करून तिनं पिशवीत कोंबला होता आणि लांबचा वळसा घालून ती झेंड्यामागच्या बाभळीशी आली होती. तिन्ही पोरांची पाठ तिच्याकडे; पोरं नाल्यातल्या गमतीला हसत उभी होती. अनुपमा आणि झेंडा यांच्यामध्ये आता नुसतं वाळलेलं गवत होतं. हरिओमला ती दिसली. त्यानं नजर खाली घातली.

मांडीवरचा सेट पुन्हा खाकरला. "अनुपमाताईचा सेट लागून नाई राह्यला. कोनी पाह्यलं का? झेंड्यामागच्या बाभळीकडून जानार होत्या त्या. हरिओम, तुले दिसल्या का?"

नियमानं मेलेल्याला बोलता येत नव्हतं. बटण फिरवता येत होतं. पहिल्या शब्दाला हरिओमचा अंगठा बटणावर गेलाही होता. पण अंगठ्याला महिन्याच्या पगाराची सवय. तो तिथंच राहिला, आणि भाऊचा आवाज फुल राहिला.

पोरं वळली. अनुपमानं बाभळीमागून हात वर केला.

हरल्यावर सगळे पंजाबरावांभोवती बसले. राजकुमारनं गॉगल कपाळावर चढवला. "संपर्क तुटला," तो म्हणाला. "ताईनं सेट बंद ठेवला. आता याच्यात कोनाची चूक, तुमीच सांगा."

"माझा बंद होता म्हणून मी झेंड्यापर्यंत पोचले," अनुपमा म्हणाली. "हरिओमचा चालू होता म्हणून मी मेले. त्यालाच विचारा."

एका वकिलानं सांगितलं की संपर्क ही सामूहिक जबाबदारी असते. दुसऱ्यानं मान डोलावली. दोघेही अजून जिवंत होते.

पंजाबरावांनी हात वर करायला सांगितले. अनुपमाच्या बाजूनं जेवढे हात आले, तेवढेच राजकुमारच्या बाजूनं आले. प्रज्वलचा राजकुमारकडे होता. प्रत्येक सेटला वर्षाची गॅरंटी लिहून दिल्यामुळे वॉकीटॉकीचा दोष निघणं त्याला परवडत नव्हतं. राहिला हरिओम.

"तुह्या सेट चालू होता ना बे?" राजकुमारनं विचारलं.

"हाव भाऊ. फुल होता."

"माह्या आवाज आला?"

"समद्याईले आला."

कोणीतरी हसलं. राजकुमारला ती आपली तारीफ वाटली. "मंग?" तो म्हणाला.

हरिओमनं अनुपमाकडे पाहिलं नाही. नाल्यात जसा वर केला होता तसाच हात वर केला, आणि तसाच गप्प बसला.

आता हिशेब. राजकुमारला कप्तानी मिळाली, बॅनर मिळाला, बटण मिळालं. प्रज्वलचा पडून राहिलेला माल खपला. पंजाबराव लोणारला निर्धास्त गेले. अनुपमा पुढच्या रविवारपासून खामगावकडून खेळू लागली. तिथं कानात वायर घालतात. तिच्या हातातून कप्तानी गेली आणि बुलढाण्याच्या हातातून झेंडे. हरिओमच्या पाठीवर लाल गाठी उठल्या. सोमवारी त्याच पाठीवर त्यानं खताची पोती वाहिली, आणि एकेका पोत्याबरोबर गाठी फुटल्या. भरलं ते या दोघांनी. राजकुमारच्या नावावर भरणा काही नाही.