बत्तिसावी काच

दानम्माच्या हाताला बारा वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या लॅबमध्ये रक्ताचा थेंब काचेवर ओढावा तर तिनंच, असं डॉक्टर नव्या मुलींना सांगत. एकसारखा पसरत जाऊन कडेला पिसासारखा विरळ होणारा तो थर पाहिला, की तिलाही दर वेळी पाठ थोडी ताठ झाल्यासारखी वाटायची. हे आपल्याला येतं, आणि असं दुसऱ्या कुणाला येत नाही, एवढं तिला पुरत असे.

शहाण्णव साली शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं कामगारांची तपासणी ठेवली, तेव्हा रक्त घ्यायला तीच गेली. तिथं पंपांचे भाग बनत आणि तयार झालेले तेलकट भाग एका उघड्या टाकीत बुडवून धुतले जात. टाकीतल्या द्रावणाला सगळे ‘गोड थिनर’ म्हणत, कारण त्याचा वास खरोखरच गोडसर होता. धुण्याचं काम पिराजीकडं होतं. कोपरापर्यंत पांढरे पडलेले हात पुढं करून तो तिच्यासमोर बसला.

“हातमोजे देत नाहीत का?” तिनं विचारलं.

“देत्यात की. पर मोज्यातनं बोटाला कळत न्हाई अक्का, माल किती साफ झालाय ते.” त्यानं शेजारच्या धुतलेल्या ढिगाकडं मान वळवली. “ह्यातला एक तरी परत आलाय का, इचारा मालकास्नी.”

आपल्यासारखाच माणूस, असं तिला वाटून गेलं.

कामगार एकतीस होते. वहीत नावं एकतीस, सह्याही एकतीस. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पेटी उघडली तर काचा बत्तीस निघाल्या. शेवटच्या काचेच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं बत्तीस हा आकडा घातला होता, आणि अक्षर तिचंच होतं. तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पांढऱ्या पेशी नको तितक्या मोठ्या आणि कच्च्या होत्या, आणि एका जागी तीन पेशी अंगाला अंग लावून होत्या. मधलीत सुईसारखी लालसर रेघ. रक्ताच्या कॅन्सरचं इतकं उघड चित्र तिनं आजवर दोनदाच पाहिलं होतं.

डॉक्टरांनी एकतीसही जणांना पुन्हा बोलावून घेतलं. कुणाच्याच रक्तात तसं काही सापडलं नाही. जुनी काच मिसळली असेल, असं डॉक्टर म्हणाले. दानम्माच्या हातून काचा मिसळत नसत. तिनं ती काच आपल्या कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी पिराजीचा ताप उतरेना, अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. त्याच्या रक्ताची काच तिनंच केली. पाहता पाहता तिचा हात थांबला. तीन पेशी, अंगाला अंग लावून, आणि मधलीत तीच रेघ. तिनं कपाटातली जुनी काच काढली, दोन्ही आळीपाळीनं पाहिल्या. दोन्ही नुसत्या सारख्या नव्हत्या. ते एकच रक्त होतं, एकाच क्षणाचं, आणि त्यातली एक काच दोन वर्षं आधीची होती.

पिराजी मिरजेच्या दवाखान्यात चार महिने झगडला आणि गेला.

नव्व्याण्णव साली पुन्हा तपासणी झाली. पिराजीच्या जागी नवा माणूस आला होता, म्हणजे पुन्हा एकतीस. दानम्मानं एकेक काच मोजून पेटीत ठेवली, वरून कुलूप घातलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी पेटी उघडली तेव्हा बत्तिसावी काच आपल्या जागी सरळ उभी होती, आणि तिच्यावर पुन्हा तेच कच्चं, आजारी रक्त होतं.

या वेळी काच नुसती कपाटात ठेवून ती थांबली नाही. दोन्ही तपासण्यांचे सगळे रिपोर्ट तिनं टेबलावर पसरले, कोण कुठं काम करतो ते नावांपुढं लिहिलं आणि तो कागद घेऊन थेट मृत्युंजय मालकांच्या केबिनमध्ये गेली. काचेबद्दल मात्र एक शब्दही काढला नाही.

“दानम्माबाई, पंचवीस वर्षं ह्याच टाकीत माल धुतोय आम्ही,” मालक म्हणाले.

“म्हणूनच आलेय. टाकीजवळच्या सहा जणांच्या पांढऱ्या पेशी तीन वर्षांत निम्म्यावर आल्यात. गेटवरच्या माणसांच्या होत्या तशाच आहेत. पिराजीच्याही शहाण्णव साली कमीच भरल्या होत्या.”

“मग काय करू म्हणता? कारखाना बंद करू?”

“कारखाना नको. टाकी.”

मालक तापट होते, पण समोर आलेला कागद वाचल्याशिवाय बाजूला सारत नसत. त्यांनी द्रावण तपासायला पाठवलं. त्यात रक्ताचा कॅन्सर करणारं बेंझिन भरपूर निघालं. महिन्याभरात टाकी हलली, गरम साबणाच्या पाण्यानं माल धुणारं यंत्र आलं, भिंतींना पंखे बसले, आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलं. माल पहिल्यासारखाच साफ निघू लागला. त्या सहा जणांचे आकडे हळूहळू वर चढले. आणि त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला काचा एकतीसच निघाल्या.

दोन हजार तीनमध्ये कामगारांनी तिचा सत्कार ठेवला. पिराजीची बायको विठाबाई आता कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होती. तिनंच दानम्माच्या हातात नारळ दिला.

“माझ्या माणसाला उशीर झाला, अक्का,” ती म्हणाली. “पर ही सगळी संध्याकाळी आपल्या घरी जात्यात, ते तुमच्यामुळं.”

एकतीस माणसं टाळ्या वाजवत उभी होती. दानम्मानं एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवली. यांच्यापैकी एकाची ती नव्व्याण्णवची काच होती, आणि ते रक्त आपण माघारी फिरवलं, असं तिला वाटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हाताचा नव्हे, आपला स्वतःचा अभिमान वाटला.

आठ दिवसांनी, दुपारी, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ज्ञानू नावाचा एक तरुण लॅबमध्ये आला. हिरड्यांतून रक्त येत होतं, पंधरा दिवस ताप होता.

“इथं आधी कधी आलायस?”

“न्हाई. कोल्हापुरात दवाखान्याला पयल्यांदाच. मी कोडोलीचा. उसाच्या ट्रॉल्या रंगवतो.”

“रंगवायच्या आधी धुता कशानं?”

“थिनर हाय की. शिरोलीला एका कारखान्यानं टाकी काढली, तवा आमच्या मालकानं तिथली पिंपं उचलून आणली. चार वर्सं तेच वापरतोय. वास बी चांगला हाय, गोड.”

टाकी हलली, तेव्हा पिंपं कुठं गेली, हे दानम्मानं कधी विचारलं नव्हतं.

“आजपासून त्याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिला नवल वाटलं. “किती शिल्लक आहे?”

“दोन पिंपं.”

“मी येते उद्या तुमच्या मालकाकडं.”

तिनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट धरलं. ज्ञानूनं बोट अलगद सोडवून घेतलं आणि उजवा हात पुढं केला.

“त्या बोटाचं नको, अक्का,” तो म्हणाला. “त्याचं मागल्या वेळी तुमीच घेतलंयसा की.”